गळ्याला करंट लावला तर आवाज सुधारतो का?

गुडघा, कंबर किंवा खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्या माणसाला ‘करंट’ काही नवा नसतो. जेल लावलेले पॅड कातडीवर बसवतात, यंत्राची कळ हळूहळू फिरवतात, आधी मुंग्या येतात, मग झिणझिण्या, आणि थोड्या वेळाने स्नायू आपल्या इच्छेविना थडथडू लागतो. पक्षाघातानंतर ज्यांना घास गिळता येत नाही, अशा रुग्णांच्या गळ्यावर पॅड लावणारं ‘व्हायटलस्टिम’ हे यंत्र या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आलं आणि तिथून बाहेर पसरलं. गिळताना आणि बोलताना, दोन्ही वेळा स्वरयंत्राला काम असतंच. त्यामुळे घोगरा, बसलेला, लवकर दमणारा आवाजही अशा करंटने सुधारेल का, हा प्रश्न ओघानेच आला. शिक्षक, कीर्तनकार, गायक, कॉल सेंटरमध्ये रात्रभर बोलणारी मुलं, बाजारात ओरडून माल विकणारे, अशा सगळ्यांचं पोट आवाजावर असतं. त्यांच्यासाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावं लागलेली माणसं गळ्याला टेकवून बोलतात ते उपकरण वेगळं. ते विजेवर चालतं, पण कातडीला फक्त यांत्रिक कंप देतं. इथे विषय आहे तो कातडीवरून शरीरात सोडलेल्या विजेचा. आणि या विजेबद्दल माझ्या मते पहिला प्रश्न ‘फायदा होतो का’ हा नाहीच. पहिला प्रश्न आहे, ती पोचते कुठे?

कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. बोटाखाली काहीतरी वर सरकतं आणि परत जागेवर येतं. ते स्वरयंत्राचं पुढचं कवच, कूर्चेचं. स्वरतंतू या कवचाच्या मागे, आत आडवे असतात. पुरुषांत साधारण दीड-दोन सेंटिमीटर लांब, स्त्रियांत त्याहून थोडे आखूड. बोट आणि स्वरतंतू यांच्यात मात्र बरंच काही आहे. कातडी, तिच्याखाली चरबी, मग मानेवर पसरलेला एक पातळ स्नायू, मग छातीच्या हाडापासून वर जाणारे पट्टीच्या आकाराचे लांब स्नायू, मग कूर्चा, आणि तिच्या आत स्वरतंतू हलवणारे छोटे स्नायू. या छोट्या स्नायूंपैकी फक्त एक, क्रिकोथायरॉइड, कूर्चेच्या बाहेर पुढच्या बाजूला असतो. स्वरतंतू ताणून सूर वर नेण्याचं काम त्याचं. पण तोही त्या लांब पट्ट्यांखाली झाकलेला आहे. स्वरतंतू जवळ आणणारे, दूर करणारे, घट्ट करणारे बाकीचे स्नायू कवचाच्या आत किंवा मागे आहेत.

आता वीज काय करते ते पाहू. कातडीवर दोन पॅड लावले की विद्युतप्रवाह एका पॅडकडून दुसऱ्याकडे जातो, पण सरळ रेषेत नाही. तो ऊतींमध्ये पसरतो आणि जितकं खोल जावं तितका क्षीण होतो. गिळण्याच्या उपचारात वापरला जाणारा प्रवाह साधारणपणे सेकंदाला ८० स्पंदांचा असतो, एकेक स्पंद ३०० मायक्रोसेकंदांचा, आणि तीव्रता जास्तीत जास्त २५ मिलिअँपिअर. असा स्पंद स्नायूच्या तंतूंना थेट चेतवत नाही, त्यांच्याकडे जाणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो, कारण चेतातंतू स्नायूपेक्षा कमी विजेला उत्तर देतात. त्यातही कातडीजवळचे संवेदना वाहणारे तंतू पहिले, म्हणून आधी मुंग्या. कळ आणखी फिरवली की वरच्या थरातले स्नायू आकसतात आणि गळा कुणीतरी धरल्यासारखा वाटतो. खोल पोचण्यासाठी तीव्रता आणखी वाढवावी, तर वरच्या कातडीला ती सोसत नाही.

म्हणजे गळ्यावर लावलेला करंट सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात पकडतो ते त्या लांब पट्ट्यांना. त्यांचं काम काय? स्वरयंत्राला खाली ओढणं. गिळताना स्वरयंत्र वर जायला हवं. आपण आत्ताच बोटाने ते अनुभवलं. करंट मात्र उलट्या दिशेने खेचण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत क्रिस्टी लडलो यांच्या प्रयोगशाळेने हीच शक्यता तपासली. इयानेसा हंबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली निरोगी माणसांच्या गळ्यावर पॅड दहा वेगवेगळ्या प्रकारे लावून क्ष-किरणांच्या चलच्चित्रात स्वरयंत्राची हालचाल मोजली. विश्रांतीत करंट सुरू केला की स्वरयंत्र आणि त्याच्या वरचं हायॉइड हाड खाली सरकलं. गिळतानाही करंट चालू असला तर स्वरयंत्र नेहमीइतकं वर चढलं नाही. ज्या उपचाराने गिळणं सोपं व्हावं ही अपेक्षा, तो निरोगी गळ्याला तरी विरोधच करत होता.

दोन वर्षांनी याच गटाने थेट स्वरतंतूंकडे पाहिलं. आवाजाच्या दृष्टीने मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. २७ निरोगी प्रौढांच्या नाकातून बारीक दुर्बीण घशात उतरवली, हनुवटीखाली आणि मानेवर पुन्हा दहा प्रकारे पॅड लावले आणि शांतपणे श्वास घेत असताना करंट सुरू केल्यावर दोन स्वरतंतूंमधला कोन किती बदलतो ते मोजलं. दहापैकी आठ प्रकारांत दखल घेण्याजोगा काहीच बदल नाही. हनुवटीखाली आडवे पॅड लावल्यावर स्वरतंतू सरासरी २.८ अंशांनी जवळ आले. मानेवर उभ्या दोन जोड्या लावल्यावर ते २.४ अंशांनी दूर गेले. शांत श्वासात हा कोन याच्या कित्येक पटींनी मोठा असतो. आवाज काढताना स्वरतंतू एकमेकांना भिडावे लागतात. दोन-तीन अंशांनी तिथवर पोचता येत नाही.

हे प्रयोग काय सांगत नाहीत, तेही इथेच सांगायला हवं. ते करंट लागल्याक्षणी काय होतं ते मोजतात. आठवडेच्या आठवडे व्यायामासोबत करंट दिला तर स्नायूंत काय बदल होतील, हा वेगळा प्रश्न आहे, त्याकडे पुढे येतो. पण गळ्यावर पॅड लावले म्हणजे स्वरतंतूंना ‘व्यायाम’ मिळाला, असं जे सहज बोललं जातं, त्याला या मोजमापांनी आधार राहत नाही.

आणखी एक समज वाटेत आडवा येतो. वीज सेकंदाला ८० वेळा धडका देते, स्वरतंतूही सेकंदाला शंभर-दोनशे वेळा हलतात. मग वीज त्यांना हलवत असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. एकेकाळी जाणकारांनाही असं वाटलं होतं. पॅरिसचे संशोधक राऊल ह्युसाँ यांनी १९५० साली मांडलं की स्वरतंतूंचं प्रत्येक कंपन मेंदूकडून आलेल्या एकेका चेतासंदेशामुळे होतं. सेकंदाला दोनशे कंपनं हवीत तर दोनशे संदेश. कल्पना देखणी होती आणि काही वर्षं युरोपातल्या गायनगुरूंमध्ये आणि डॉक्टरांमध्ये तिच्यावर जोरदार वाद झाला. पण तिच्यात मोठी अडचण होती. पाश्चात्त्य संगीतनाट्यातली गायिका सेकंदाला हजार कंपनांचा सूर लावते, आणि चेतातंतू इतक्या वेगाने संदेश सातत्याने वाहू शकत नाहीत. शिवाय डाव्या स्वरतंतूकडे जाणारी नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर येते, त्यामुळे ती उजवीपेक्षा लांब असते. दर कंपनाचा संदेश वेगळा यायचा तर डावा तंतू सतत मागे पडला असता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे यान्विलेम व्हान डेन बर्ग यांनी मृतदेहातून काढलेल्या स्वरयंत्रांत हवा फुंकून दाखवलं की मेंदू नाही, नस नाही, तरी स्वरतंतू कंप पावतात आणि आवाज निघतो. १९५८ साली त्यांनी मांडलेला सिद्धान्त आजच्या स्वरविज्ञानाचा पाया आहे.

पिंपळाच्या पानाची पिपाणी ज्यांनी लहानपणी वाजवली आहे, त्यांना हे लगेच समजेल. पानाला कुणी हलवत नाही. दुमड नीट बसली आणि फुंक बरोबर पडली की ते आपोआप थरथरतं. स्वरयंत्रातले स्नायू फक्त दुमड नीट बसवतात, म्हणजे तंतू किती जवळ, किती ताठ, किती जाड ठेवायचे ते ठरवतात. बाकीचं काम फुप्फुसातून येणारी हवा करते. म्हणून करंटमुळे आवाज बदलायचाच तर तो याच मांडणीतून बदलेल: तंतूंची जवळीक, त्यांचा ताण, स्वरयंत्राची उंची. लांब पट्ट्यांनी स्वरयंत्र खाली ओढलं की त्याच्या वरची पोकळी लांबते आणि आवाजाला किंचित जाड, गडद छटा येते. तेवढ्याने आवाज ‘भरदार झाला’ असं कुणाला वाटू शकतं; स्वरतंतूंना मात्र त्याने बळ आलेलं नसतं.

आवाजासाठी वीज वापरण्याचा इतिहास व्हायटलस्टिमच्या खूप आधीचा आहे, आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. गायनशिक्षक मानुएल गार्सिया यांनी १८५४ साली आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. त्यानंतर काही वर्षांतच लंडनचे घसातज्ज्ञ मोरेल मॅकेंझी आरशात पाहत स्वरयंत्राच्या आत विजेचं टोक टेकवून बसलेले आवाज परत आणू लागले. अनेकदा आवाज एकाच बैठकीत परतायचा. पहिल्या महायुद्धात खंदकातून परतलेले हजारो सैनिक कुठलीही जखम नसताना मुके झाले होते. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात लुईस यीलंड हा तरुण डॉक्टर त्यांच्यावर विजेचे उपचार करत होता. १९१८ साली छापलेल्या पुस्तकात त्याने स्वतःच एका सैनिकाची हकिकत दिली आहे. नऊ महिने मुक्या असलेल्या त्या चोवीस वर्षांच्या जवानाला अंधाऱ्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि बोलल्याशिवाय इथून सुटका नाही असं बजावलं. मग घशाच्या मागच्या भिंतीला तीव्र विजेचे झटके. असं सुमारे चार तास चाललं. शेवटी तो बोलला. डॉक्टरने तो आपला विजय मानला. मला ती हकिकत छळाची वाटते, आणि ती तशीच ओळखली गेली पाहिजे.

पण वैद्यकीय दृष्टीनेही तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. या सैनिकांचे स्वरतंतू दुबळे नव्हते. भीती, धक्का आणि असह्य आठवणी यांनी आवाजाची वाट अडली होती. खोकताना त्यांच्यातल्या अनेकांचा आवाज निघायचा. अशी स्थिती आजही दिसते. माणूस कुजबुजतो, पण खोकला मात्र खणखणीत असतो. तेव्हा वेदना, धाक, डॉक्टरचा ठाम विश्वास किंवा घशातली अचानक आलेली नवी संवेदना, यांपैकी कशानेही आवाज परतू शकतो. वीज लावली आणि आवाज आला, एवढ्यावरून विजेने स्नायू सुधारला हे ठरत नाही. आजच्या प्रत्येक चाचणीवर या जुन्या प्रश्नाची सावली आहे. एका गटाला करंट आणि दुसऱ्या गटाला नुसते पॅड अशी तुलना नसेल, तर निष्कर्षाला फार वजन देऊ नये. एका श्वासात ‘आ’ किती सेकंद धरता येतो, ही आवाजाची नेहमीची मोजणी घ्या. ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नुसत्या सरावानेही वाढते.

तरीही आधुनिक प्रयत्नांना निकालात काढता येत नाही. वाढत्या वयात स्वरतंतू झिजून धनुष्यासारखे बाकदार होतात, मध्ये फट राहते आणि बोलताना हवा निसटते. अशा सात रुग्णांवर अमेरिकेत लिसा लागोरिओ आणि सहकाऱ्यांनी करंटसह आवाजाचे कसून व्यायाम करून घेतले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णांना सूर जास्त वेळ धरता येऊ लागला. पण रुग्ण फक्त सात, आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. सुधारणा करंटची की व्यायामाची, हे त्यातून कळत नाही.

एका बाजूची नस अशक्त झालेल्या रुग्णांवर जर्मनीत मार्टिन प्टोक आणि डॅनिएला श्ट्राक यांनी केलेलं काम जास्त पक्कं आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले: एकाला नुसते आवाजाचे व्यायाम, दुसऱ्याला व्यायामासोबत करंट. करंट मिळालेल्या गटात स्वरतंतूंच्या कंपनातली अनियमितता जास्त कमी झाली. इथे करंट आणि आवाज काढणं यांची जोड घातली होती, रुग्ण पॅड लावून नुसता पडून नव्हता. स्नायू आपण स्वतः वापरतो तेव्हा त्याचे लहान, चिवट तंतू आधी कामाला लागतात, मोठे नंतर, आणि ते आळीपाळीने विसावाही घेतात. करंट हा क्रम पाळत नाही. तेच तेच तंतू एकदम जुंपतो, म्हणून स्नायू लवकर थकतो. स्वतःचा प्रयत्न सोबत असला तर मेंदूचा हुकूम आणि गळ्यातली संवेदना एकाच वेळी घडतात. माझा कल असा आहे की फायदा होत असेल तर तो याच जोडीतून होत असावा.

ब्राझीलमध्ये विजेचा वापर अगदी उलट हेतूने केला जातो, आणि मला तो सर्वांत सुसंगत वाटतो. घोगरेपणा घेऊन येणाऱ्या पुष्कळ लोकांचे स्वरतंतू दुबळे नसतातच. मान, खांदे आणि जबड्याखालचे स्नायू अतिताणलेले असतात. वर्गात साठ मुलांसमोर दिवसभर आवाज चढवणाऱ्या बाईंची मान संध्याकाळी दगड झालेली असते, स्वरयंत्र वर ओढून धरलेलं असतं. तिथल्या संशोधकांनी अशा स्त्रियांच्या खांद्यांवर आणि हनुवटीखाली पॅड लावले आणि सेकंदाला फक्त १० स्पंदांचा, सावकाश थडथडवणारा ‘टेन्स’ करंट दिला. मान-खांद्यांच्या वेदना कमी झाल्या, काहींच्या आवाजातही फरक पडला. इथे वरवरच्या स्नायूंपर्यंतच पोचणारी वीज वरवरच्या स्नायूंसाठीच वापरली आहे. हाताने मान आणि गळा चोळून सैल करण्याचे उपचारही जवळपास हेच काम करतात. टेन्स त्यांच्यापेक्षा सरस आहे असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण जे साधायचं आहे आणि वीज जिथे पोचते, ते दोन्ही एकाच ठिकाणी आहेत.

घरी वापरायचं टेन्सचं यंत्र आता ऑनलाइन सहज मिळतं. ते कंबरेसाठी घेतलं, तसं गळ्यालाही लावून पाहावं असा मोह कुणी धरू नये. मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणींवर रक्तदाबाची नोंद घेणारी जागा आहे. तिथे करंट लागला तर नाडी मंद होऊन चक्कर येऊ शकते. घशाचे स्नायू जोरात आवळले गेले तर श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून या यंत्रांच्या माहितीपत्रकात गळ्याच्या पुढच्या भागावर पॅड लावू नका अशी सक्त सूचना असते. निरोगी माणसांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दोन-तीन अंशांचाच फरक पडला, हे इथे समाधान मानायचं कारण नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी तर हा विचारच सोडावा.

त्याहून मोठा धोका वेळ वाया जाण्याचा आहे. तीन-चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीतून स्वरतंतू पाहून घेतलेच पाहिजेत. तंबाखू, बिडी-सिगारेट घेणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. स्वरतंतूवरचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता फार चांगली असते, आणि तो लवकर सापडतो तो घोगरेपणामुळेच. गाठ आहे, नस दुबळी आहे, आम्लपित्त घशाशी येतंय की नुसता ताण आहे, हे न पाहता गळ्यावर पॅड लावणं म्हणजे अंधारात औषध देणं. आणि ताणाचं निदान झालं, तरी मुख्य उपचार स्पीच थेरपिस्टने शिकवलेले व्यायाम हाच.

वीज स्वरतंतूंपर्यंत खरोखर पोचली तर काय होतं, हेही डॉक्टरांना रोजच्या कामातून माहीत आहे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्राची नस चुकून कापली जाऊ नये म्हणून सर्जन तिला साधारण एका मिलिअँपिअरचा प्रवाह टेकवतो आणि श्वासनळीत घातलेल्या नळीवरचे इलेक्ट्रोड स्वरतंतूंच्या स्नायूंनी दिलेलं उत्तर टिपतात. कातडीवरून पंचवीस मिलिअँपिअरनेही जे होत नाही, ते नसेला थेट स्पर्श केल्यावर एकाने होतं. दुसरं उदाहरण औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराचं. १९९७ पासून अमेरिकेत मान्य असलेल्या एका उपचारात छातीच्या कातडीखाली छोटं यंत्र बसवून मानेतल्या डाव्या व्हेगस नसेला तार गुंडाळतात. स्वरयंत्राची नस याच व्हेगसमधून फुटते. त्यामुळे यंत्र चालू झालं की आवाज घोगरा होतो. बऱ्याच रुग्णांत ते साधारण अर्धा मिनिट चालतं आणि पाच मिनिटं बंद राहतं, आणि आवाजही त्याच क्रमाने बदलतो आणि पूर्ववत होतो. या रुग्णांना एक लोहचुंबक दिलेला असतो. तो छातीवरच्या यंत्रापाशी धरून ठेवला की तेवढा वेळ स्पंद थांबतात. भाषण करायचं असेल किंवा गाणं म्हणायचं असेल, तर अनेकजण तो चुंबक धरूनच उभे राहतात.